पन्नाशीत निवृत्ती, पण प्रकृतीचे काय?

सणासुदीला पुण्याहून तामलवाडी परिसरात आलेली तरुण मंडळी रक्तदाब तपासायला माझ्याकडे येतात. बहुतेकांचा बेत एकच : जादा पगारासाठी रोज बारा तास ड्यूटी करायची आणि पन्नाशीत नोकरी सोडून गावी शेती बघायची. बेत वाईट नाही. पण या हिशेबात शरीर कोणी धरत नाही.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अहवाल पाहा. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. बारा तासांचे सहा दिवस म्हणजे ७२ तास! झोप तुटली की रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढू लागतात. रात्रपाळीतला चहा-तंबाखू वेगळाच.

पैशाचेही बघा. खासगी नोकरीतील भविष्य निर्वाह निधीची पेन्शन ५८ व्या वर्षी पूर्ण मिळते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण जितकी वर्षे आधी, तितक्या वर्षांसाठी वर्षाला ४ टक्के कपात होते.

म्हणून थोड्या कमी पगाराची आठ तासांची नोकरी मिळत असेल, तर पंचावन्नाव्या वर्षापर्यंतचा हिशेब मांडून पाहावा, असे मी सांगतो. घरच्यांनाही विचारावे. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब व साखर तपासावी. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी दोनदा १४०/९० च्या वर आला, तर पुढच्या सुट्टीची वाट न पाहता रजा टाकून डॉक्टरांकडे जावे.