गाडीला अलॉय आणि रुंद टायर टाकताय? आधी हे आकडे वाचा

सेकंडहॅन्ड गाडी घेतली की पहिली हौस अलॉयची. पण चाक नुसतं दिसायला भारी असून भागत नाही, ते गाडीला बसायला पाहिजे.

टायरवर १६५/८० आर १४ असं लिहिलेलं असतं. १६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. टायरच्या बाजूची उंची या रुंदीच्या ८० टक्के. १४ म्हणजे रिमचा इंचातला आकार.

रिम मोठी घेतली तर टायरची बाजू कमी करायची, म्हणजे चाकाची एकूण उंची तेवढीच राहते. वरच्या टायरची उंची साधारण ६२० मिमी. १८५/६५ आर १५ ची ६२२, म्हणजे जुळलं. २०५/६५ आर १५ टाकला तर ६४८ होते. मग मीटर वेग सुमारे चार टक्के कमी दाखवतो आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर घासू शकतो.

रिम घेताना नट किती, त्यांचं अंतर (पीसीडी), मधलं भोक आणि ऑफसेट जुळतोय का ते बघा. ऑफसेट कमी असला तर चाक बाहेर येतं, जास्त असला तर आत जातं.

साइजच्या पुढचा आकडा वजनाचा. ८५ असेल तर एक टायर ५१५ किलो पेलतो, ८८ असेल तर ५६०. गाडीत माणसांसोबत खताची पोतीही येतात, त्यामुळे कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नका.

आपल्याकडच्या खड्ड्यांत पातळ बाजूच्या टायरला लवकर फुगा येतो, रिमही वाकते. म्हणून फार मोठ्या रिमच्या नादी न लागलेलं बरं.