एका फुलीवर दोन बिया का?

संभाव्यता शिकवायची म्हटलं की नाणी उडवतात, नाहीतर फासे टाकतात. जालन्याच्या पोरांना हेच गणित सरकीवर शिकवावं, लवकर डोक्यात शिरेल. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच महिको ही बियाणं कंपनी सुरू केली. तेव्हापासून बियाणं ही या गावाची ओळखच झाली.

संकरित कपाशीच्या बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. म्हणजे चारातली एक बी दगा देईल, असं धरून चालायचं. शेतात आखलेल्या प्रत्येक फुलीवर एकच बी टोबली, तर १६०० फुल्यांपैकी साधारण ४०० रिकाम्या राहतील. मग या नांग्या भरता भरता कंबरडं मोडतं.

दोन टोबल्या तर? पहिली बी ४०० फुल्यांवर फसली. त्या ४०० पैकी चौथ्या हिश्श्यात, म्हणजे १०० ठिकाणीच, दुसरीही फसेल. १/४ गुणिले १/४, बरोबर १/१६. इथे पोरं हमखास बेरीज करतात. पण बेरजेने उत्तर १/२ येतं; म्हणजे बी जास्त टाकली की नांग्याही वाढल्या! उरलेल्या १५०० पैकी ९०० फुल्यांवर दोन्ही उगवतील. तिथे विरळणी आली, आणि पाकिटाची किंमत आठवत जोमदार रोप उपटताना जीव खालीवर होतो. म्हणून एकेकच बी टोबणारेही काही चुकत नाहीत.

या गुणाकाराला एक अट आहे: एका बीचं नशीब दुसरीला बांधलेलं नसावं. पहिल्या शिडकाव्यावर घाईने टोबणी केली आणि पावसाने दडी मारली, तर दोन काय, चार बियाही एकदमच करपतात. तिथे १/१६ कुठला! ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं ते उगाच नाही.

घरच्या सोयाबीनचं तर पाकीटही नसतं. त्याच्या उगवणीची टक्केवारी आपणच काढायची. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि आठवड्याने मोड मोजा. सत्तरच्या खाली आले तर एकरी बियाणं वाढवावं लागेल. फक्त टपोरे दाणे निवडून घेऊ नका. पोत्यात खोल हात घाला आणि मुठीत येतील तेच मांडा.