गातो तो डग्गा

एकल तबलावादनाचा आढावा म्हटला की आमचे काही जाणकार दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब अशी घराण्यांची हजेरी घेत सुटतात. तो भाग मी सोडून देतो. विशारदच्या परीक्षेला बसलेल्या कोणत्याही मुलाला तो पाठ असतो. माझा प्रश्न निराळा आहे आणि तो मी वर्षानुवर्षे विचारत आलोय: तबला ऐकताना चाल ऐकू येते का? येत असेल तर ती वाजवतो कोण?

सोपं उत्तर तबलातरंगाचं. कमलेश मैत्र यांनी दहा-पंधरा तबले वेगवेगळ्या सुरांत लावून अर्धवर्तुळात मांडले आणि त्यांवर राग वाजवले. ब्रह्मदेशात तर एकवीस ढोलांचं पूर्ण कडंच असतं. वादक मध्ये बसतो आणि भात-राखेचा लेप लावून एकेक ढोल सुरात आणतो. दोन्ही कौतुकाचीच. पण एका सुराला एक वाद्य ही झाली जलतरंगाची रीत. एकाच चामड्यातून चाल काढायची तर डाव्या हाताच्या डग्ग्याकडेच यावं लागतं.

उजव्याचं काम तसं ठरलेलं आहे. तो षड्जात लावायचा, गट्टे ठोकून चारी बाजूंनी सारखा करायचा, चाट आणि शाई स्वच्छ बोलली पाहिजे. शाईमुळे या चामड्याचे उपस्वर सुरेल पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, तबलजींना ते कानानं कधीचं माहीत होतं. डग्ग्याची शाई मात्र मधोमध नसते, एका कडेला सरकलेली असते. उरलेल्या जागेत मनगट टेकतं. बोटांनी ‘घे’ काढला आणि मनगट दाबत पुढं नेलं की सूर चढतो, ढिलं सोडलं की उतरतो. ही मींड. चाल तिच्यात असते.

आता कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची विस्तारत नेण्याची रचना, ऐका. भरीत डग्गा बोलतो, खालीत गप्प होतो, मग पुन्हा येतो. बोल तेच, पण पहिल्या ओळीला खालच्या अंगाचा भार आणि दुसरीला नुसता वरचा झंकार. कायदा म्हणजे गणित, असं छातीठोकपणे सांगणारे एक विद्वान आमच्या शहरात आहेत. त्यांची व्याख्यानं मी ऐकली आहेत, टाळ्याही वाजवल्या आहेत. पण त्यांनी फळ्यावर मांडलेल्या पलट्यात डग्गा कधी दिसला नाही.

अहमदजान थिरकवाँ खाँसाहेबांचं नाव इथं यायलाच हवं, आणि मी ते घाईनं घेणार नाही. खाँसाहेब लखनौच्या भातखंडे विद्यालयात शिकवू लागले, रामपूर दरबारी राहिले, हे सगळं नंतरचं. त्याआधी ते आमच्या गंधर्व नाटक मंडळीत तबला वाजवत होते. भास्करबुवा बखल्यांच्या चाली, बालगंधर्वांचा गळा आणि खाँसाहेबांचा ठेका! मराठी माणसाला तबला सुरात ऐकायची सवय लागली ती नाट्यगृहात, आणि पदाच्या शब्दांमागून जाणाऱ्या डग्ग्यानं लावली. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या मिळवून ऐका. तीन-साडेतीन मिनिटांत पेशकार उलगडतो, गत येते, आणि एकही बोल दुसऱ्याच्या अंगावर पडत नाही. निकास म्हणतात तो हा. लयीची मौज तर आहेच, पण डग्ग्याची आस इतकी लांब टिकते की पुढचा बोल तिच्यावर येऊन बसतो. साथीला फिरत राहणारी धून, म्हणजे लेहरा, बंद केला तरी सम कुठं आहे ते कळावं, इतकं ते वादन स्वतःच चालीत आहे.

त्यांचं देणं महाराष्ट्रात रुजलं. पुण्यात लालजी गोखले, ठाण्यात भाई गायतोंडे; तिकडे जगन्नाथबुवा पुरोहितांसारखे गवई स्वतः खाँसाहेबांकडे तबला शिकलेले, आणि भाईंनी तालीम घेतली ती बुवांकडूनही. गाणं ठाऊक असलेल्यांच्या हाती तबला गेला की काय होतं, याचा पुरावा हाच. सुरेश तळवलकर एकलवादनाला लेहऱ्याऐवजी बंदिश गायला लावतात, तेव्हा सनातनी मंडळी नाकं मुरडतात. मला मात्र त्यात पदामागचा तो जुना तबलाच दिसतो.

साठ-सत्तरच्या दशकातल्या जुगलबंद्या आणि पुढचे फ्यूजनचे प्रयोग मी ओलांडून जातो. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. परदेशी ड्रमवर मॅक्स रोचनं 1966 साली ‘ड्रम्स अनलिमिटेड’ या तबकडीत एकट्यानं वाजवलेले तुकडे मला फ्यूजनपेक्षा जवळचे वाटतात, कारण तोही माणूस कातड्याला बोलतं करतो आणि दोन आघातांच्या मधल्या जागेला घाबरत नाही.

झाकीर हुसेन 15 डिसेंबर 2024 रोजी गेले. डमरू आणि शंख ते डग्ग्यातून काढत, आणि सभागृह हसत-टाळ्या वाजवत डोक्यावर घेई. तो शंख म्हणजे शुद्ध मींड होती. मनगटावर इतका ताबा असल्याशिवाय निघत नाही. पण नकला करणाऱ्यांनी शंख उचलला, मनगट ठेवून दिलं. आता पुण्यातल्या संमेलनांत एकलवादनाला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्यात पेशकार दोन मिनिटांत उरकतो, कारण वेगवान रेला वाट बघत असतो. ध्वनियंत्रणेवर बसलेला पोरगा डाव्याचा बेस इतका चढवतो की खर्ज फक्त छातीत धडधडतो, त्याला सूरच उरत नाही. वादकही खूश, निवेदकही खूश. दोन-तीनदा मी मध्यंतरात जाऊन त्या पोराला सांगितलं की बाबा, डाव्याचा माईक जरा लांब कर आणि बेस उतरव. त्यानं विचारलं, ‘काका, मग ढोल-ताशासारखा दणका कसा येणार?’