नाथसागराचे पक्षी आणि खिशातला कॅमेरा

गोदावरीस जायकवाडीचा बांध घालून निर्माण झालेला नाथसागर, ज्याचा शिलान्यास १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाला आणि ज्याचे उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधी यांनी केले, तो सामान्यतः पैठणच्या नावाने ओळखला जात असला, तरी त्याच्या काठाचा मोठा भाग आपल्या नगर जिल्ह्याच्या शेवगाव आणि नेवासे या तालुक्यांत मोडतो. हा जलाशय विस्ताराने अफाट पण खोलीने उथळ असल्यामुळे हिवाळा सरत जातो तसतसे पाणी मागे हटते, उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, आणि पाण्याच्या कडेच्या चिखलपट्टीवर शेकाटे, तुतवार, चमचे, थापटे, चक्रवाक असा मोठा परिवार चरावयास उतरतो. १९८६ साली सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, कर्जत तालुक्याच्या दक्षिण सीमेवर, भीमेवरील उजनीचा फुगवटाही असाच पक्ष्यांनी गजबजतो.

या दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याची अडचण एकच असते, आणि ती अंतराची. नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून बंदिवासात असलेल्या मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ या आपल्या पत्रसंग्रहात कोठडीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी जुळलेल्या स्नेहाचे मोठे मनोहर वर्णन केले आहे. परंतु हजारो कोसांचा प्रवास करून आलेल्या पाणपक्ष्यांना माणसाचा असा शेजार मानवत नाही. आपण चिखल तुडवीत पुढे सरकलो की थवा उठतो, आणि परतीच्या प्रवासासाठी अंगी साठवावयाची चरबी त्या निष्कारण उड्डाणात खर्ची पडते. म्हणून तीनचारशे मीटरांवरूनच पाहणे हे शिष्टाचाराचेही आहे आणि भूतदयेचेही. पण तेवढ्या अंतरावरून छायाचित्र घ्यावयाचे तर जी लांब भिंगे लागतात त्यांची किंमत लाखांच्या घरात जाते, आणि शाळामास्तर, कारकून किंवा शेतकरी यांच्या मिळकतीत ती तजवीज बसत नाही.

यावरचा किफायतशीर तोडगा म्हणजे तिवईवर ठेवावयाच्या एकडोळी दुर्बिणीच्या, म्हणजे स्पॉटिंग स्कोपच्या, नेत्रिकेला साधा डिजिटल कॅमेरा भिडविणे. मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ साली आपला छोटा कॅमेरा सहज दुर्बिणीच्या नेत्रिकेवर धरून पाहिला, आणि उमटलेले चित्र इतके स्वच्छ होते की ही डिजिस्कोपिंगची रीत थोड्याच वर्षांत जगभर पसरली.

कॅमेरा निवडण्यापूर्वी प्रकाशाचा हिशेब समजून घेणे अगत्याचे आहे, कारण या एका हिशेबात खरेदीचे बहुतेक प्रश्न निकालात निघतात. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगाचा व्यास ६५ मिलिमीटर आणि वर्धन २० पट असेल, तर नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास ६५ भागिले २०, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर होतो. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य भिंगाचे तोंड सुमारे तीन मिलिमीटरचे असते. याचा अर्थ असा की दुर्बिणीने गोळा केलेला बहुतेक सर्व प्रकाश त्या इवल्या भिंगात मावतो. याउलट ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे, एफ/१.८ चे भिंग लावलेला भारी कॅमेरा आणला, तर त्याच्या २८ मिलिमीटरच्या तोंडाला त्याच सव्वातीन मिलिमीटर शलाकेवर भागवावे लागल्यामुळे ते भिंग व्यवहारात एफ/१५ इतके मंद होऊन बसते. शिवाय मोठ्या झूम भिंगाचे खरे प्रवेशछिद्र काचांच्या आत खोलवर दडलेले असते, आणि नेत्रिकेची शलाका तिच्या मागे केवळ पंधरावीस मिलिमीटरांवर अगदी बारीक होते. ती जागा भिंगाला गाठता येत नाही, म्हणून चित्राच्या कडा काळवंडतात. मोठा कॅमेरा म्हणजे चांगले चित्र, ही समजूत या कामी उलटी ठरते.

म्हणून माझी शिफारस अशी, की कॅमेऱ्यासाठी वेगळा पैसा खर्चूच नये. खिशात बऱ्यापैकी फोन असेल तर तोच वापरावा, आणि सगळी पुंजी दुर्बिणीच्या काचेत व तिवईत घालावी. कारण दुर्बिणीने अस्पष्ट दाखविलेले पीस कोणताही कॅमेरा स्पष्ट करू शकत नाही. ज्यांना फोन नको त्यांनी जुन्या बाजारात असा छोटा कॅमेरा पाहावा, ज्याचे भिंग झूम करताना बाहेर सरकत नाही. २००२ साली निघालेला निकॉनचा कूलपिक्स ४५०० हा याच गुणामुळे पक्षिनिरीक्षकांचा लाडका झाला होता. त्याच्या भिंगाला आटेही होते, त्यामुळे जोडकडी सरळ फिरवून बसविता येई.

फोनचे मुख्य भिंग जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने सुमारे २६ मिलिमीटरचे धरले, तर २० पट दुर्बिणीमागे ते ५२० मिलिमीटरचे काम करते. मात्र फोन नेत्रिकेपेक्षा अधिक रुंद पाहत असल्याने चित्राभोवती काळे वर्तुळ दिसते. ते दुप्पट झूम केल्यावर बहुधा निघून जाते. त्या वेळी फोनने आपल्या मर्जीने दुसऱ्या भिंगाकडे उडी मारू नये, एवढी खबरदारी घ्यावी. दुर्बिणीचे वर्धन ६० पर्यंत नेण्याचा मोह टाळावा: शलाका जेमतेम एक मिलिमीटरची उरते, फोनला मिळणारा प्रकाश सुमारे आठपटीने घटतो आणि तिवईचा प्रत्येक थरथराट तिप्पट होतो.

आता जोडकडी, म्हणजे ॲडॉप्टर. बाजारात शेकड्यांच्या किमतीत मिळणारे चिमट्याचे सार्वत्रिक ॲडॉप्टर नवशिक्यास पुरतात, पण दर वेळी भिंग आणि नेत्रिका एका रेषेत आणण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पक्षी मान फिरवतो. त्याहून उत्तम उपाय आपल्या शहरात सहज साध्य आहे. फोनचे एक कठीण कव्हर घ्यावे, नेत्रिकेचा बाह्य व्यास कॅलिपरने मोजावा, आणि नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या खरादवाल्याकडून नायलॉनचे बुश कातून घेऊन ते कव्हरच्या छिद्राशी बरोबर मध्य साधून चिकटवावे. मिलिमीटराच्या अंशाची चूक झाली तरी चित्राची एक कड अंधारते, तेव्हा चिकटविण्यापूर्वी पडद्यावर पाहून खात्री करावी. नगरच्या कारागिरांचे हात या कामात कुठल्याही परदेशी मालास उणे पडणार नाहीत असा मला विश्वास आहे.

नाथसागराच्या उघड्या काठावर वारा बेफाम असतो. तिवईचा मधला दांडा वर न काढता पाय अर्धेच उघडावेत, खाली दगडांची पिशवी टांगावी, आणि पडद्यास बोट न लावता सेल्फीच्या काठीबरोबर मिळणाऱ्या ब्लूटूथ बटणाने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने चित्र घ्यावे. सकाळी नऊनंतर काळ्या रानावरची तापलेली हवा लहरू लागते. त्या लहरींवर कोणत्याही किमतीची काच इलाज करू शकत नाही. सूर्योदयानंतरचे दोन तास हेच या कामाचे खरे भांडवल.

अशा चित्रांना प्रदर्शनात मानाचे स्थान मिळेलच असे नाही, पण त्यांची खरी योग्यता पुराव्याची आहे. मंगोलियात गळपट्टा चढविलेले पट्टकादंब दक्षिण भारतात दिसल्याच्या नोंदी आहेत. त्या पट्ट्यावरची अक्षरे डोळ्याने वाचल्याचे सांगणे वेगळे आणि चित्रात दाखविणे वेगळे. एकाच रंगाच्या, एकाच चणीच्या तुतवारांत ओळखीचा वाद चोचीच्या बाकावर आणि पायाच्या रंगावर मिटतो, आणि तो मिटविण्यास धूसर का होईना, चित्र लागते.

आशिया खंडातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. ज्यांच्या घरी अशी दुर्बीण धूळ खात पडली असेल त्यांनी येत्या जानेवारीत ती शेवगाव-नेवाशाच्या काठावर न्यावी, आणि घेतलेले प्रत्येक चित्र तारीख, वेळ व गावाच्या नावासह ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळाच्या दप्तरी दाखल करावे.