डब्यातले तुणतुणे

शाहिरी वाङ्मय मी वीस वर्षे शिकवीत आलो. पण तुणतुणे कधी हाती धरले नव्हते. गेल्या दिवाळीत चिरंजीवांनी तुपाच्या डब्याचा तळ कापून तिथे कातडे ताणले, बाजूला बांबू बांधला. कातड्यातून ओवलेली एकुलती तार निसटू नये म्हणून खाली माझ्या सदऱ्याचे बटण! आवाज मात्र मांजर रडल्यासारखा.

नळावरून दोन वर्षे अबोला धरलेले खालचे आजोबा जिना चढून आले, तेव्हा भांडणाच्या तयारीने मीच पुढे झालो. त्यांनी मुकाट्याने तुणतुणे काखेत घेतले, खुंटी पिळली, तार छेडली. तरुणपणी ते गोंधळात साथ करीत, हे आम्हांला तेव्हा कळले.

आता संध्याकाळी वाड्यातली सहा पोरे आपापले डबे घेऊन आमच्या गॅलरीत जमतात. खुंट्या आजोबाच पिळतात. त्यांत आमच्या घरचा रव्याचा डबाही आहे. सौभाग्यवतींनी अजून विचारलेले नाही.