टिळकांचे कृतज्ञतागीत आणि ‘देव बरें करूं’

रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटले की आपल्या पिढीला शाळेच्या पुस्तकातील ‘केवढे हे क्रौर्य’ आठवते आणि पिलांच्या ओढीने धडपडणारी ती घायाळ पक्षीण डोळ्यांसमोर येते. फुलामुलांच्या या कवीविषयी बालरोगतज्ज्ञाला जिव्हाळा वाटावा, हे ओघानेच आले. त्यांच्या ख्रिस्ती भजनांकडे मात्र आपण इतरधर्मीय वाचकांनी फारसे वळून पाहिले नाही.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मधल्या वर्षांची होरपळ त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचावी, आमच्यासारख्यांनी तिचा सारांश करू नये. १९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

त्यांचे एक पद स्कॉटिश मिशनरी निकोल मॅक्निकोल यांच्या अनुवादातून इंग्रजी उपासनासंगीतात गेले. याच मॅक्निकोल यांनी मराठी संतांच्या एकशे आठ रचनांचाही इंग्रजी अनुवाद केला. तो १९१९ मध्ये, म्हणजे टिळकांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. पदाचा आशय साधा आहे. ज्याची शिष्यांतही गणना होऊ नये, अशाला प्रभूने मित्र म्हटले. प्रभूच्या पायधुळीच्या तुलनेतही आपले वजन भरत नाही. अशा प्रेमाचे वर्णन करावे तरी कसे? कृतज्ञतेचे गीत म्हटले की आरोग्य, अन्न, संतती अशी प्राप्तींची नामावळी अपेक्षित असते. येथे ती नाही. योग्यता नसताना आपल्याला जवळ केले गेले, एवढेच भक्ताला पुरते.

ही भाषा पेडणे-डिचोलीच्या कानांना परकी वाटणार नाही. सासष्टीतील राशोल येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, तेव्हा आपले हे तालुके पोर्तुगीज अमलाखाली नव्हते. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे गेले. देवळांतून मराठी भजन येथे अखंड राहिले. टाळमृदंगावर टिळकांचे पद म्हटले तर आपला भजनी नाव तेवढे वेगळे म्हणेल. दैन्यभाव त्याच्या ओळखीचा आहे.

आपल्या व्यवसायाला हा भाव आज कुठे भेटतो? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला. तो सर्वस्वी अनुचित होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. मात्र ग्राहक बिल चुकते करतो आणि हिशेब मिटतो. मराठीतील ‘आभार’ या शब्दातही भार दिसतोच. उपकार ‘फेडायचे’ असतात, त्यांतून ‘उतराई’ व्हायचे असते. आपल्या कोकणीत मात्र ‘देव बरें करूं’ म्हणतात. बोलणारा स्वतः काही फेडू पाहत नाही. तो तुमचे भले देवावर सोपवतो. हिंदू आणि ख्रिस्ती, दोघांच्याही तोंडी हे शब्द असतात. कितीतरी वर्षे मी ते ‘थँक यू’सारखेच ऐकले.

काही वर्षांपूर्वी पेडण्याकडील एका मातेचे अपुऱ्या दिवसांचे अर्भक तीन दिवस आमच्या उपचारांखाली होते. जे करता येण्यासारखे होते ते सारे झाले. मूल वाचले नाही. पंधरवड्याने ती कागदपत्रे नेण्यास आली. अशा भेटीत डॉक्टरने काय बोलावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. मी काही बोलण्यापूर्वीच ती म्हणाली, “देव बरें करूं, दोतोर.” यात प्राप्ती कोणती होती? टिळकांचे ते पद मला प्रथम तेव्हा उमगले.

कागद पिशवीत ठेवून तिने थोरल्या मुलीच्या लसीची तारीख विचारली.