लव्हेंडर उडते, कस्तुरी उरते

लव्हेंडर आणि कस्तुरी दोन्ही असलेली दोन अत्तरे दुकानात कागदी पट्टीवर हुंगली, की पुष्कळदा सारखीच वाटतात. मग घ्यावे कोणते? याचे उत्तर दोन्ही द्रव्यांच्या विलक्षण स्वभावात आहे.

अस्सल लव्हेंडर फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये साधारण ८०० मीटरच्या वरच्या डोंगरउतारांवर उत्तम येते. तिथून खाली स्पाइक नावाचे दुसरे लव्हेंडर उगवते. दोघांच्या हद्दी भिडल्या तिथे निसर्गानेच संकर घडवला, तो लव्हेंडिन. हे झाड वांझ असल्यामुळे त्याची लागवड कलमांनीच होते. पण तेल अस्सल लव्हेंडरच्या अनेक पट देते, म्हणून ते स्वस्त. त्यात कापराचा अंशही जास्त. त्यामुळे अस्सल लव्हेंडरच्या अत्तराची सुरुवात मऊ, फुलांची लागते, तर लव्हेंडिनच्या अत्तराची टोकदार, औषधी.

कस्तुरीची कथा याहून अद्भुत आहे. हिमालयातल्या कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाजवळच्या ग्रंथीत ती तयार होते. १९०६ मध्ये हाइनरिश वालबाउम यांनी तिच्यातून मस्कोन हे गंधद्रव्य वेगळे केले. १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का यांनी दाखवून दिले, की या रेणूत १५ कार्बन अणूंचे कडे आहे. एवढे मोठे कडे टिकूच शकत नाही, असा तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांचा समज होता! रुझिच्का यांना १९३९ चे नोबेल मिळाले. त्याआधीच, १८८८ मध्ये, आल्बर्ट बाउर यांना स्फोटकांवर काम करताना कृत्रिम कस्तुरीगंध गवसला होता. आज बाजारातल्या बहुतेक परफ्यूममधली कस्तुरी प्रयोगशाळेतूनच येते, आणि त्यासाठी हरणाचा जीव घ्यावा लागत नाही.

आता दोघांची गाठ पाहा. लव्हेंडरमधल्या लिनालूलचा रेणुभार १५४, तर गॅलॅक्सोलाइड या प्रचलित कृत्रिम कस्तुरीचा २५८. हलका रेणू लवकर उडून जातो, जड रेणू कातडीवर तासन्‌तास रेंगाळतो. म्हणजे दुकानात आपण मुख्यतः लव्हेंडर हुंगतो, आणि दिवसभर सोबत राहते ती कस्तुरी.

त्यातही एक नवल आहे. धडधाकट नाकाच्या काही माणसांना एखादी कस्तुरी मुळीच जाणवत नाही, दुसरी मात्र स्पष्ट कळते. कारण गंध ओळखणारी ग्राहके माणसागणिक थोडी वेगळी असतात. ज्या अत्तराला एक जण ‘टिकतच नाही’ म्हणतो, तेच दुसऱ्याला संध्याकाळीही दरवळताना जाणवते.

म्हणून दोन मनगटांवर दोन अत्तरे लावून दुकानातून बाहेर पडावे. पहिल्या काही मिनिटांत लव्हेंडरची जात पारखावी. चार-पाच तासांनी पुन्हा हुंगावे आणि कस्तुरीचा कौल घ्यावा. एक मनगट बिनवासाचे वाटले, तर घरच्या माणसालाही हुंगायला सांगावे. आपल्याला न जाणवणारा गंध त्याला जाणवत असेल. बाटली निवडायची ती चार-पाच तासांनंतरच्या या वासावरून, कारण अंगावर अधिक काळ राहणार आहे तो तोच.